घोट घेतल्याशिवाय न बोलणारा मीटर

मित्रांनो, जुना म्हणाल तर मी आहेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. काळी टणक पेटी, पोटावर एक गोल बटण, वर काच आणि काचेखाली एक काटा, असा माझा अवतार आहे. लाल आणि काळी अशा माझ्या दोन वायरी कुठे टेकवल्या की तिथे विजेचा दाब किती आहे ते मी काटा हलवून सांगतो. पूर्वी मला नुसतं ‘मीटर’ म्हणत. हल्ली ‘काट्याचा मीटर’ म्हणतात. घरात एकच सून असते तोवर ती नुसती सूनबाई असते; दुसरी आली की पहिली ‘थोरली’ होते. थोरलेपणात फार मान असतो असं सगळे सांगतात. सांगणाऱ्यांत थोरली एकही नसते.

तेव्हा आधीच सांगून टाकतो, मी जळतो. वायर जळते तसा नव्हे. शेजाऱ्याकडे नवा सोफा आल्यावर माणूस जळतो, तसा.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक बाकावर झाला. तिथे एक बाई डोळ्याला भिंग लावून बसायच्या. केसाहून बारीक स्प्रिंग त्या चिमट्याने उचलायच्या, श्वास रोखून काट्याच्या बुडाशी बसवायच्या आणि मगच श्वास सोडायच्या. माझ्या जन्माच्या वेळी कोणीतरी श्वास रोखून धरला होता, हे मी आजही मिरवतो. पिवळ्याच्या वेळी कोणी रोखला असेल असं वाटत नाही. पिवळा कोण ते पुढे येईलच. त्याला वेळेआधी घुसायची सवयच आहे.

बाईंनी काट्यामागे आरशाची एक अरुंद पट्टी लावली. ती शोभेची नाही. तिरकं बघणाऱ्याला काटा एकीकडे दिसतो आणि आरशातला त्याचा जुळा भाऊ दुसरीकडे. सरळ पाहिलं की जुळा काट्यामागे लपतो, आणि तेव्हाच वाचलेला आकडा खरा. म्हणजे माझ्यापुढे आल्यावर माणसाला आधी स्वतः सरळ व्हावं लागतं. काही जणांना ते फार जड जातं.

सुरुवातीची काही वर्षं मी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे काढली. दुकान बंद करताना त्याने एक कोट शिवून घेतला आणि शिलाईच्या बदल्यात मला देऊन टाकलं. असा मी मास्तरांकडे आलो. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. विजेचं शिक्षण त्यांना नव्हतं, पण वेड मात्र भरपूर होतं. शिवणयंत्राची मोटर गरम का होते, पंखा कमी वेगात असताना गुणगुणतो का, बल्ब नेमका लावतानाच का जातो, असले प्रश्न ते पँटची शिलाई घालता घालता स्वतःलाच विचारत.

आल्या दिवशीच त्यांनी माझं माप घेतलं. लांबी, रुंदी, जाडी आणि काचेचा फुगीरपणासुद्धा. मग कोटातून उरलेल्या अस्तराची खोळ शिवली, आत कापूस भरला, वर बटण लावलं. जन्मभर दुसऱ्यांना मोजणाऱ्याला कोणी मोजावं, यात काय सुख असतं ते तुम्हाला कळायचं नाही. त्या काळात माझी एकच वैरीण होती, मापाची फीत. ती दिवसभर मास्तरांच्या गळ्यात लोळायची. पण ती पडली कापडी आणि मी पडलो विजेचा, म्हणून तिचं-माझं कधी उघड भांडण झालं नाही. मनातल्या मनात व्हायचं.

मास्तर चारचौघांत कधी प्रश्न का विचारत नाहीत, हे मला त्यांच्या बायकोमुळे कळलं. त्यांना सगळे वहिनी म्हणतात. काजं करता करता त्या एकदा शेजारणीला सांगत होत्या. तरुणपणी मास्तर एका मोठ्या सभागृहात विजेवरचं व्याख्यान ऐकायला गेले होते. शेवटी वक्त्यांनी “काही प्रश्न?” असं विचारलं, तेव्हा हे उठले आणि म्हणाले, “वीज तारेच्या मधून जाते की कडेकडेने?” मागून कोणीतरी ओरडलं, “आधी काजं नीट करा, मास्तर!” सभागृह खो-खो हसलं. वक्तेही हसले. मास्तर खाली बसले, ते बसलेच.

“प्रश्नात हसण्यासारखं काय होतं?” शेजारीण म्हणाली.

“काही नव्हतं,” वहिनी म्हणाल्या. “पण घरी आल्यावर आठवडाभर हे माझ्याशीसुद्धा प्रश्नार्थक बोलले नाहीत. ‘मीठ कुठे आहे?’ असं विचारायचं तर म्हणायचे, ‘मीठ दिसत नाही.’”

चारचौघांत जमत नव्हतं, म्हणून मास्तरांनी घरातच चारचौघे गोळा केले. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचं, कापायच्या टेबलाभोवती स्टुलं मांडायची आणि वाटेल ते विचारायचं. याला ते शंकामंडळ म्हणत. मंडळात मुख्य माणसं दोन. एक घड्याळजी, म्हणजे समोरच्या छोट्या दुकानात फळी मांडून घड्याळं दुरुस्त करणारे मास्तरांचे लहानपणापासूनचे मित्र, आणि म्हणूनच लहानपणापासूनचे स्पर्धक. दुसऱ्या म्हणजे दवाखान्यातल्या सिस्टर. त्यांचे प्रश्न नेहमी जिवावरचे असत. “लिफ्ट तुटून पडायला लागली आणि मी जमिनीला टेकायच्या क्षणी उडी मारली, तर वाचेन का?” बाकीचे येऊन-जाऊन असत, बहुधा चहाच्या सुमाराला.

मंडळाचे नियम दोन. पहिला : मोजल्याशिवाय बोलायचं नाही. फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर खोली गार होते का, यावर दोन सुट्ट्या वाद झाला होता. मग सिस्टरांनी थर्मामीटर आणला, दार उघडं ठेवलं आणि खोली उलट गरम झाली. सगळे घाम पुसत खूश झाले. दुसरा नियम मास्तरांच्या धंद्यातला : एका कामाला एकच फीत. उमेदवारीच्या काळात त्यांनी एका कोटाचं अंग एका फितीने मोजलं होतं आणि बाह्या दुसऱ्या, वापरून ताणलेल्या फितीने. कोट अंगात घातल्यावर गिऱ्हाइकाचे हातच सापडेनात. तेव्हापासून एक गिऱ्हाईक, एक फीत. मंडळातही ज्या मीटरने प्रयोग सुरू केला त्यानेच तो संपवायचा. हा नियम नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

ज्याची कल्पना फसेल त्याने आपलं यंत्र स्वतःच्या हाताने मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगायचं, अशीही पद्धत होती. त्या भिंतीवर सगळ्यात जास्त टांगलेलं घड्याळजींचं होतं. त्यांनी एकदा आपल्या दुकानाच्या दाराला चाकं-दोऱ्या जोडून अशी सोय केली की गिऱ्हाइकागणिक दार उघडलं की भिंतीवरच्या घड्याळाला आपोआप किल्ली बसावी. घड्याळ दुसऱ्याच दिवशी बंद पडलं.

“गिऱ्हाईक आलं तर घड्याळ चालणार, आणि चालू घड्याळ दिसलं तर गिऱ्हाईक येणार,” मास्तर म्हणाले. “सुरुवात कोणी करायची रे?”

“हस तू,” घड्याळजी म्हणाले, आणि चाकं टांगायला खुर्चीवर चढले.

ते दिवस माझे होते. पंख्यालाच डायनामो जोडून त्याच विजेवर पंखा फिरवता येईल का, हे मीच मोजून दिलं. माझा काटा दर फेरीला खाली खाली येत गेला आणि मास्तर म्हणाले, “याने सांगितलं म्हणजे विषय संपला.” हे वाक्य मी जमेच्या बाजूला मांडून ठेवलं आहे. त्या बाजूला फारशी वाक्यं नाहीत, म्हणून पाठ आहे.

मग मास्तरांच्या मुलीला दुसऱ्या गावात एका कारखान्यात नोकरी लागली. ती शिकलेली इंजिनियर. पहिल्या सुट्टीत घरी येताना तिने बाबांसाठी भेट आणली. तोच पिवळा. काटा नाही, आरसा नाही, काही नाही. पोटातल्या सेलवर चालणारा, सरळ आकडे दाखवणारा मीटर. वायरी टेकवल्या की दाखवला आकडा. लहान मूलही वाचेल. मला विचाराल तर हाच त्याचा दोष आहे, पण मला विचारतो कोण?

“बाबा, जुना मीटर मोजताना थोडी वीज स्वतः खातो,” ती म्हणाली. “त्याचा काटा त्यावरच हलतो ना. हा जवळजवळ काहीच घेत नाही.”

“म्हणजे जुना घोट घेतल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हण की!” घड्याळजी म्हणाले. सगळे हसले.

मित्रांनो, ती खोटं बोलली नव्हती. दाब मोजायला मला सेल लागत नाही. ज्याला मोजायचं त्याच्याकडूनच मी घोटभर वीज घेतो आणि त्या जोरावर काटा ढकलतो. पाहुणा आला की पेलाभर पाणी मागतोच की. इतकी वर्षं त्यात कोणाला वावगं वाटलं नव्हतं. आता घरात न खाणारा-पिणारा पाहुणा आल्यावर मी खादाड ठरलो.

पुढचं सांगताना आजही माझा काटा थरथरतो. मास्तरांनी माझी खोळ काढली, दोन्ही बाजू उसवल्या, आत घेतल्या आणि पिवळ्याच्या मापाने पुन्हा शिवली. बटणही तेच. आणि मला उघड्यानागड्या अंगाने मागच्या भिंतीवर टांगलं, घड्याळजींच्या चाकांशेजारी, फसलेल्या कल्पनांच्या रांगेत. तिथून टेबल दिसायचं. पिवळा मास्तरांच्या हातात, त्याच्या अंगात माझी खोळ. धूळ बसते तशी हळूहळू जळण बसत गेली माझ्यावर.

अशाच एका दुपारी तो शोध लागला. दुकानाच्या भिंतीवर बोर्डापासून मागच्या इस्त्रीपर्यंत एक लांब नळी गेली आहे. तिच्यात इस्त्रीच्या चालू वायरी, आणि त्यांच्यासोबत जुन्या घंटीची एक वायर कधीची नुसती पडून. तिचं एकही टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. मास्तरांनी सहज पिवळ्याची एक वायर तिला आणि दुसरी बोर्डावरच्या अर्थिंगला लावून पाहिली आणि पिवळ्याने चक्क ऐंशीच्या वर आकडा दाखवला.

(मुलांनो, भिंतीतल्या विजेशी तुम्ही असलं काही करू नका. मास्तरांचं वय झालं होतं आणि वहिनी मेन स्विचपाशी उभ्या होत्या.)

मास्तरांनी मंडळ बोलावलं. “तुटकी वायर! ना इकडे जोडलेली, ना तिकडे. आणि हिच्यात दाब? कुठून आला?”

मग मास्तरांनी स्वतःच सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचे डोळे असे चमकले की मला त्यांचा राग येता येता राहिला. “कापड बेतताना कतरणं पडतात ना? तशी चालू वायरीतून वीज शेजारी सांडत असणार. आपण ती आजवर झाडून टाकत आलो. कतरणांची गोधडी होते, तर सांडलेल्या विजेची का नाही होणार?”

त्यांनी चालू वायरीला चिकटवून आणखी लांब मोकळी वायर टाकली. पिवळ्याचा आकडा वाढला. आणखी टाकली, आणखी वाढला. नियमाप्रमाणे पुन्हा पुन्हा मोजलं, त्याच पिवळ्याने, आणि पिवळ्याने पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. फक्त घड्याळजींनी हाताची घडी सोडली नाही.

“दिवा लावून दाखव,” ते म्हणाले.

दिवा लागला नाही.

“एका कतरणाची गोधडी होते का?” मास्तर म्हणाले. “कतरण जमू दे. मग दिवाच काय, मशीन चालवून दाखवतो.”

मित्रांनो, आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्या वायरीत खरोखरच वीज सांडत होती, पण थेंबभर. पिवळा काही पीतच नाही, त्यामुळे थेंब शाबूत राहायचा आणि दाब भारी दिसायचा. मी असतो तर घोट घेतला असता आणि भांडं तिथेच रिकामं झालं असतं. पण मी होतो खिळ्यावर आणि नियम होता एका फितीचा. हे सगळं समजत असताना गप्प लटकणं काय असतं, ते एखाद्या थोरल्या सुनेला विचारा.

थोड्याच दिवसांत मोठ्या गावात हौशी लोकांचा विज्ञान-मेळावा भरणार होता. मास्तरांनी नाव पाठवलं. फलक छापून आला : ‘सांडलेल्या विजेचा शोध’, सादर करणार अमुकअमुक, शिलाईकाम करणारे. मुलगी तिच्या कारखान्यातल्या साहेबांना घेऊन ऐकायला येणार होती. मास्तरांनी स्वतःसाठी कोट बेतला. वीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हा वहिनी घड्याळजींच्या फळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“भाऊजी, मला त्यातलं काही कळत नाही. एवढंच सांगा, तिथे हसतील का?”

घड्याळजी चिमटा हातात धरून बसले होते. “का विचारता?”

“एकदा हसले तर इतकी वर्षं गेली. आता हसले तर हा माणूस माझ्याशीही ‘मीठ दिसत नाही’ असंच बोलेल, मरेपर्यंत.”

घड्याळजींनी नुसता चिमटा खाली ठेवला. पण मेळाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी, टेबलावर रंगीत तालीम चाललेली असताना, ते आले आणि सरळ मागच्या भिंतीपाशी गेले. मला वाटलं, आपली चाकं बघायला आले. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं.

“हे काय?” मास्तर म्हणाले.

“दुसरी फीत.”

“एका कामाला एकच फीत, टिकटिक्या. नियम आहे.”

“तुझ्या धंद्यातला आहे. माझ्या धंद्यात एका घड्याळावर विश्वास ठेवणाऱ्याला वेडा म्हणतात. दोन असल्याशिवाय कळणार कसं, कुठलं पुढे पळतंय?”

“तुला बघवत नाही, खरं सांग. तुझी चाकं भिंतीवर गेली आणि माझं नाव फलकावर गेलं.”

“नाही बघवत,” घड्याळजी म्हणाले. “पोटात दुखतंय माझ्या. महिनाभर दुखतंय. म्हणूनच तर नीट बघतोय मी. या टाळ्या पिटणाऱ्यांतलं कोणी बघतंय का?”

सिस्टरांनी हात मांडीवर ठेवले.

मित्रांनो, त्या क्षणी मला घड्याळजी सख्ख्या भावासारखे वाटले. आम्ही दोघे एकाच दुखण्याचे रोगी. त्यांनी शर्टाच्या टोकाने माझी काच पुसली, बटण फिरवलं आणि माझी लाल वायर त्या लांब मोकळ्या वायरीला लावली, काळी अर्थिंगला. पिवळा तिथे शंभराच्या वर दाखवत होता. मी माझा घोट घेतला. काटा जरासा हलला आणि शून्याच्या कुशीत जाऊन बसला.

“अडकला असेल,” मास्तर म्हणाले. “कधीचा टांगलेला आहे.”

घड्याळजींनी मला भिंतीतल्या चालू प्लगला लावलं. काटा झरकन वर गेला आणि घरात येणारा पुरा दाब दाखवून ठाम उभा राहिला. पिवळ्यानेही तिथे तेवढाच दाखवला. परत मोकळी वायर. पिवळा शंभर. मी शून्य.

याच क्षणाची मी किती वाट पाहिली होती! पिवळा साऱ्या मंडळासमोर तोंडघशी पडला होता. आणि मला दिसत काय होतं, तर मास्तरांचा चेहरा. ते मशीनच्या स्टुलावर बसले आणि अर्धवट शिवलेल्या कोटाची बाही विनाकारण सरळ करू लागले. घड्याळजी मला हातात धरून उभे होते.

“मला वाटलं होतं मजा येईल,” ते म्हणाले.

“मेळाव्याला कळवा,” मास्तर म्हणाले. “मी येत नाही म्हणून.”

“कळवा म्हणजे कोणी?” मेन स्विचपाशी उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या. “नाव तुमचं लागलंय. हा पिवळा खोटं बोलतोय का?”

“नाही. प्लगचा दाब बरोबर सांगितला त्याने.”

“मग हा काळा खोटं बोलतोय?”

“तोही नाही.”

“मग दोघं खरं बोलत असतील तर भांडण कसलं आहे, ते तरी विचारा. प्रश्न विचारायची हौस तुम्हालाच होती ना? का ती फक्त सोपे प्रश्न असले तरच?”

मास्तरांनी बाही खाली ठेवली. उठले. घड्याळजींच्या हातातून मला घेतलं, समोर धरलं, मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे केली, आणि आरशातला जुळा काट्यामागे लपला. इतक्या दिवसांनी कोणीतरी माझ्याकडे सरळ पाहत होतं. मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. एका कामाला दोन फिती लावल्या, आणि त्याही एकाच वेळी. मोकळ्या वायरीवर पिवळा होताच, शंभराच्या वर मिरवत. त्याच्या शेजारीच त्यांनी मला टेकवलं.

पिवळ्याचा आकडा धाडकन कोसळला. मला उचललं, तो परत चढला. टेकवलं, कोसळला.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? त्यात मला जे सुख झालं त्याला तोड नाही.

“अगं बाई,” सिस्टर म्हणाल्या, “हा शिवला की तो आजारी पडतो!”

“आजारी नाही,” मास्तर हळूहळू म्हणाले. “हा घोट घेतो. घोट घेतला की संपते. म्हणजे वीज सांडते खरी. पण कतरण इतकं बारीक, की टाका घालायला गेलं तर विरून जातं.” ते थांबले. मग त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. “पण मग एकटा आकडा पाहून खरं काय ते कळायचं कसं, रे टिकटिक्या?”

“मला विचारतोस?”

“तुला नाही,” मास्तर म्हणाले. “उद्या सभागृहाला विचारतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी स्टँडवर भेटली. सभागृहाकडे चालता चालता बाबांनी तिला सगळं सांगितलं. ती थबकली. “बाबा, याचं उत्तर मला माहीत आहे. तेव्हाच नीट सांगायला हवं होतं मी. आता सांगू?”

“नको,” मास्तर म्हणाले. “उत्तर घेऊन गेलो तर पुन्हा व्याख्यान होईल. मला प्रश्न न्यायचा आहे.”

मंचावर मास्तरांनी चालू वायरीला चिकटवलेली मोकळी वायर मांडली. शेजारी पिवळा आणि मी. कोट नवा होता. घाईत एका बाहीला बटण लावायचं राहिलं होतं. त्यांनी आम्हा दोघांचा खेळ करून दाखवला आणि म्हणाले, “मी शोध घेऊन येणार होतो. काल दुपारी त्याचा प्रश्न झाला. हा म्हणतो ‘आहे’, हा म्हणतो ‘नाही’. दोघेही खोटं बोलत नाहीत. मग या तारेत आहे काय? आणि ते ठरवायचं कोणी?”

मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. एकच माणूस, पण सभागृह मोठं असलं की हसू फिरत राहतं. पहिल्या रांगेत वहिनींनी मुलीचा हात घट्ट धरला. घड्याळजी खुर्चीतून अर्धे उठले. मास्तर मात्र उभेच राहिले. त्यांनी मागे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “हसून घ्या. झालं की उत्तर सांगा, मी थांबतो.”

मग मुलीसोबत आलेले साहेब शेजारच्याला काहीतरी समजावू लागले, शेजारचा मान हलवेना. मधल्या रांगेतल्या एका प्राध्यापक बाई उठून मंचापाशी आल्या. “तो काटा परत लावा बघू,” त्या म्हणाल्या. “आणि आता काढा. हळू. हां.” त्यांच्यामागून आणखी दोघे आले. बघता बघता मंचाभोवती घोळका झाला. सगळे एकमेकांचं खोडून काढत होते आणि मध्ये उभे राहून मास्तर विचारत होते, विचारत होते, विचारतच होते. जेवणाची घंटा झाली तरी कोणी हललं नाही.

वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने फोटो काढला. त्यात मास्तरांच्या हातात पिवळा आहे. माझी फक्त लाल वायर आली आहे, तीही अर्धी. हे मी खर्चाच्या बाजूला मांडून ठेवलं आहे.

आज मी पुन्हा टेबलावर असतो. मंडळाच्या पहिल्या नियमाला हात लागला नाही. दुसरा मात्र आता ‘एका कामाला दोन फिती, आणि एक न पटणारा माणूस’ असा आहे. न पटणाऱ्याच्या जागी घड्याळजींना कायमचं बसवलं आहे. खोळ अजून पिवळ्याच्याच अंगात आहे आणि ती पाहून अजून माझा काटा तडफडतो. सुटलो असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही.

म्हणून मित्रांनो, एकच मागणं. घरात नवं काही आलं की जुन्याला अडगळीत टाकू नका. जुनं ते सोनं वगैरे मी म्हणणार नाही. सोनं असतो तर कुलपात असतो. पण नव्याचं कौतुक करणारे ढीगभर मिळतात, त्याच्यावर जळणारा मात्र एखादाच असतो, आणि तोच त्याच्याकडे सगळ्यात नीट बघत असतो. त्याला अधूनमधून पुसा, हातात घ्या, आणि तुमच्या आवडत्या गोष्टीशेजारी एकदा टेकवून पाहा. तो पाडून बोलेल, घोटभर तुमचंच पिऊन बोलेल. ऐकताना थोडं दुखेल. तेवढं दुखू द्या. आणि मग उठून, हसणारे हसू देत, तुमचा पुढचा प्रश्न विचारा.